पुंटो इव्हो मल्टिजेट ९०: कंपनी भारतातून गेली, गाडी अजून घेण्यासारखी आहे का?

आधी निकाल सांगते. फियाट पुंटो इव्हो, १.३ मल्टिजेट डिझेल, ९० अश्वशक्तीची, नीट राखलेली मिळत असेल आणि तुमच्या गावात ही गाडी ओळखणारा एक तरी मेकॅनिक असेल, तर घ्या. या दोन्हीपैकी एक जरी गोष्ट नसेल तर घेऊ नका, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

मी चाकणच्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये क्वालिटी बघते. भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना पत्र्याचे भाग बनवून देणारे जे असंख्य व्हेंडर आहेत, त्यातलाच आमचा एक. फेंडर, ब्रॅकेट, दाराच्या आतले पत्रे हे दिवसभर हातात असतात. त्यामुळे सीटचा रंग, टचस्क्रीनचा आकार असल्या गोष्टी या परीक्षणात फारशा सापडणार नाहीत. गाडी कशी बनली आहे, आणि ती बनवणाऱ्यांनी पुढचा विचार काय केला होता, यावर मी जास्त बोलणार आहे. जुन्या गाडीचं भवितव्य या दुसऱ्या गोष्टीवर किती अवलंबून असतं, ते विकत घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

माझी गाडी २०१५ ची, आणि मी तिची दुसरी मालकीण. पहिले मालक सांगलीकडचे शिक्षक होते. त्यांनी सर्व्हिसची प्रत्येक पावती एका वहीत चिकटवून ठेवली होती, ती वही बघूनच माझं अर्धं मन झालं. आता किलोमीटरचा काटा लाखाच्या बराच पुढे आहे. रोज मोशी ते चाकण, आणि महिन्यातून एखाद्या वेळी माहेरी साताऱ्याला, असा तिचा वापर.

चालवायला कशी आहे, तर आजच्या गाड्यांमधून उतरून तिच्यात बसलात की पहिल्यांदा जड वाटेल. हिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. हल्लीच्या जवळपास सगळ्या गाड्यांत विजेवर चालणारं स्टिअरिंग असतं. ते एका बोटानं फिरतं, पण चाकाखाली काय चाललंय याची हाताला खबर लागत नाही. पुंटोत ती लागते. रस्त्यावर वाळू आहे, ओल आहे, डावं चाक साइडपट्टीवर उतरलंय, हे सगळं तळहाताला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर. पार्किंगमध्ये मात्र दंडाला काम पडतं, आणि वळायला जागाही जास्त लागते. आमच्या सोसायटीच्या गल्लीत जिथे शेजारची छोटी गाडी एका दमात वळते, तिथे मला मागे-पुढे करावं लागतं. ज्यांची सगळी धावपळ पेठांमधल्या गल्लीबोळांतून असते त्यांनी हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

इंजिनाचं म्हणाल तर १२४८ सीसी, ९३ पीएस (यालाच ढोबळपणे ९० अश्वशक्ती म्हणतात), आणि २०९ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना. यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवा. त्या दोन हजारांच्या खाली ही गाडी झोपलेली असते. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळलात तर ती दम टाकते आणि तुम्हाला वाटतं, गाडीत काही राम नाही. गिअर दुसरा टाका, काटा दोन हजारांवर येऊ द्या, मग पाठीला सीटचा दाब जाणवतो आणि दोन ट्रक मागे पडलेले असतात. चार माणसं आणि सामान असलं तरी तिला फरक पडत नाही. ही सवय लागायला वेळ लागतो. एकदा लागली की घाट हा कंटाळ्याचा विषय राहत नाही. ताम्हिणीत पाऊस थांबल्यावरच्या ओल्या वळणांवर ही गाडी जितकी शांतपणे रस्ता धरून जाते, तितकी हिच्या किमतीतली दुसरी कुठलीही गाडी मी चालवलेली नाही.

तळेगाव-चाकण रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना सस्पेन्शनची परीक्षा काय असते ते समजावून सांगायला नको. कंटेनरच्या चाकांनी खचलेलं डांबर, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे, आणि कडेची तुटकी साइडपट्टी. पुंटो खड्ड्यात हळू गेली तर कडक लागते, आतल्यांना धक्का कळतो. पण तोच रस्ता जरा वेगात घेतला तर गाडी उडत नाही, बाजूला सरकत नाही, आदळल्यावर दोनदा डुलत नाही. एकदाच खाली बसते आणि पुढे जाते. खाली भरपूर मोकळी जागा असल्यामुळे स्पीडब्रेकरवर पोट घासण्याची भीती नसते.

आता पत्र्याकडे येते. हा माझा विषय आहे.

‘फियाटचा पत्रा जाड असतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. लोक बोनेटवर अंगठा दाबून बघतात आणि मान डोलावतात. बाहेरचा पत्रा बहुतेक गाड्यांत साधारण ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतो, थोडं इकडे-तिकडे. अंगठ्याखाली जो कडकपणा जाणवतो तो जाडीइतकाच पत्र्याच्या वळणावर आणि आतून दिलेल्या आधारावर अवलंबून असतो. सपाट पत्रा दबतो, ताणून गोलाई दिलेला दबत नाही. आणि अपघातात माणसाला वाचवतं ते बाहेरचं कातडं नव्हेच. आतले खांब, सिल (दाराखालची आडवी चौकट), पुढचे दोन लांब मेंबर, त्यांच्या पोलादाची प्रत आणि स्पॉट वेल्ड (ठिपक्या-ठिपक्यांनी केलेली जोडणी), यांच्यावर ते ठरतं. तेव्हा अंगठा दाबून गाडी पारखू नका.

त्याऐवजी दार उघडा आणि दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून बसवलेला असतो, त्याला आम्ही हेमिंग म्हणतो. ही दुमड एकसारखी आहे का, तिच्यावरचा सीलंट सलग आहे का, की मध्येच तुटलाय, ते बघा. पाणी इथेच शिरतं आणि गंज इथूनच सुरू होतो. माझ्या गाडीच्या चारही दारांची ही कड इतक्या पावसाळ्यांनंतर स्वच्छ आहे. दारं खाली बसलेली नाहीत. बोनेट आणि फेंडर यांच्यामधली फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे, हे मी कामावरची फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघितलंय. दार लावताना जो भरीव आवाज येतो त्याचं कौतुक सगळेच करतात. त्याचं श्रेय दाराच्या वजनाला, बिजागऱ्यांना आणि रबरी बीडिंगला वाटून द्यायला हवं. रांजणगावच्या वेल्ड शॉपमध्ये ज्यांनी ही बॉडी जोडली त्यांनी काम मन लावून केलंय, हे मी धंद्यातली बाई म्हणून खात्रीनं सांगू शकते.

दिसायला ती आजही जुनाट वाटत नाही. मूळ ग्रांदे पुंटोचा आकार जॉर्जेतो जुजारो यांचा. २००५ मध्ये ती युरोपात आली, आपल्याकडे जून २००९ मध्ये, आणि इव्हो म्हणून नवा चेहरा मिळाला ऑगस्ट २०१४ मध्ये. म्हणजे आपण जिला इव्हो म्हणून विकत घेतलं ती गाडी आतून नऊ वर्षं जुनी होती. याचे परिणाम आत बसल्यावर कळतात. मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा कमी. ड्रायव्हरच्या पायाशी पेडलं जवळजवळ, आणि क्लचवरून डावा पाय काढून ठेवायला नीट जागा नाही. माझा पाय लहान आहे म्हणून माझं निभावतं. दहा नंबरचा बूट घालणाऱ्या माझ्या भावाला मात्र ती चालवायला नको वाटते. बाटल्या, मोबाइल ठेवायला खण कमीच. डिकी २८० लिटरची, चौघांच्या दोन दिवसांच्या सामानाला पुरते.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण फियाटप्रेमी मंडळी तिच्यातली अर्धीच सांगतात. २००५ मध्ये युरो एनकॅपनं, म्हणजे गाड्यांच्या धडक-चाचण्या घेऊन तारे देणाऱ्या युरोपातल्या संस्थेनं, ग्रांदे पुंटोला पाच तारे दिले होते. ते खरं आहे. पण २०१७ च्या शेवटी त्याच संस्थेनं पुंटोची पुन्हा चाचणी केली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. मधल्या बारा वर्षांत निकष पुढे गेले आणि गाडी होती तिथेच राहिली. शिवाय दोन्ही चाचण्या तिकडच्या गाडीच्या, तिकडच्या साधनांसह. आपल्याकडच्या खालच्या आवृत्त्यांत एअरबॅगही नव्हत्या आणि एबीएसही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नव्हतं. म्हणून दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली आवृत्तीच शोधा. घरात लहान मुलं असतील आणि हायवेचा वापर जास्त असेल, तर त्याच पैशात जुनी, पण ताऱ्यांची खात्री असलेली दुसरी गाडी बघा, असं मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं आणि तिनं ऐकलं.

एवढी बरी गाडी होती तर ती बंद का पडली? या प्रश्नावर फियाटवाल्यांच्या मेळाव्यात रात्र सरते. कोणी डीलरना दोष देतं, कोणी मायलेजच्या वेडाला, कोणी टाटांबरोबरच्या भागीदारीला. माझं मत वेगळं आहे. गाडीत खोट नव्हती. तिच्यामागे पुढचा बेत नव्हता.

आपल्याकडे फियाट काही नवखी नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली. तिच्या एका जुन्या रूपाला लोक अजून ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. पुढे तीच परंपरा प्रीमियर पद्मिनीपर्यंत आली, आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. त्यानंतर उनो आली, २००१ मध्ये पालिओ आली, जिच्या जाहिरातीत सचिन होता. मग बस्तान रांजणगावला हललं, टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत. जानेवारी २००९ मध्ये लिनिया ही सेडान आणि पाठोपाठ पुंटो. या गाड्या विकायच्या कुठे, तर टाटांच्या शोरूममध्ये, इंडिका आणि सुमोच्या शेजारी. २०१२ मध्ये विक्री वेगळी करायचं ठरलं आणि फियाटनं स्वतःची दुकानं मांडायला घेतली. म्हणजे गाडी बाजारात आल्यावर तीन वर्षांनी दुकानाचा विचार सुरू झाला.

त्यानंतर काय आलं, तर त्याच पुंटोची नवी रूपं. २०१४ मध्ये इव्हो आणि अव्हेंचुरा, २०१५ मध्ये अबार्थ पुंटो. अबार्थ १४५ अश्वशक्तीची, टर्बो पेट्रोल, आणि ती आजही लोक जिवापाड जपतात. पण सगळ्यांच्या पोटात सांगाडा तोच. या काळात बाकीच्या कंपन्यांनी छोट्या एसयूव्ही आणल्या, ऑटोमॅटिक आणल्या, दोन-दोनदा मॉडेलं बदलली. युरोपातही पुंटोचं उत्पादन २०१८ मध्ये थांबलं आणि तिच्या जागी दुसरी पुंटो आली नाही. जिथे माहेरीच वारस नाही तिथे रांजणगावात कुठून येणार?

आणि मग तारखा आल्या. एप्रिल २०१९ पासून एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, मागचे पार्किंग सेन्सर. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही समोरून आणि बाजूनं धडक-चाचणीचे नियम. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम. प्रत्येक तारखेला एका मॉडेलमागे मोठा खर्च, नवे भाग, नव्या चाचण्या. महिन्याला मोजक्याच गाड्या विकल्या जात असताना हा खर्च कोण करणार? २०१९ च्या सुरुवातीला पुंटो आणि लिनिया दोन्ही यादीतून गेल्या.

कारखाना मात्र गेला नाही, हे लोक विसरतात. त्याच रांजणगावात जून २०१७ पासून फियाटच्याच समूहातली जीप कंपास बनायला लागली. ती तिथून ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानला गेली, जिथे आपल्यासारखंच उजव्या बाजूचं स्टिअरिंग लागतं. टाटांची नेक्सॉनही त्याच आवारातून निघते, आणि ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी म्हणून २०१८ मध्ये तिचंच नाव झालं. म्हणजे जागा तीच, कामगार इथलेच, आणि दर्जाही सिद्ध झालेला. बदललं ते वरचं नियोजन. तळेगावचंही असंच झालं. जनरल मोटर्सनं २०१७ च्या शेवटी इथली विक्री थांबवली, कारखाना डिसेंबर २०२० पर्यंत निर्यातीसाठी चालला, मधे एका चिनी कंपनीबरोबरचा करार बारगळला, आणि शेवटी ह्युंदाईनं तो घेतला. म्हणून ‘इथे बनलेली गाडी’ म्हणजे वाईट किंवा चांगली, असलं काही ठरवू नका. कोणती कंपनी कोणत्या मॉडेलला पुढची किती वर्षं देणार आहे, ते बघा.

हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? आम्हा व्हेंडरांना ते शेड्युलवरून कळतं. दर महिन्याला कंपनीकडून किती पीस हवेत त्याचं शेड्युल येतं. एखाद्या मॉडेलचं शेड्युल सलग काही महिने घटत गेलं, नवीन बदलांची ड्रॉइंगं यायची बंद झाली, घासलेल्या डायची (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याची) दुरुस्ती ‘नंतर बघू’वर गेली, की आम्ही समजतो. शोरूममध्ये तेव्हा त्याच गाडीवर सणाची सूट चालू असते. ग्राहकाला दिसणारी खूण म्हणजे तीच सूट, शिवाय कित्येक वर्षं फक्त स्टिकर आणि रंग बदलून येणाऱ्या ‘खास आवृत्त्या’.

आणि मॉडेल बंद झाल्यावर सुट्या भागांचं काय होतं, तेही ऐका. एक फेंडर बनवायला एक डाय पुरत नाही. आधी पत्रा ताणून आकार द्यायचा, मग कडा कापायच्या, मग भोकं पाडायची, मग कडा वळवायच्या. प्रत्येक टप्प्याला वेगळी डाय, आणि एकेक डाय काही टनांची. त्या डाय सहसा गाडी कंपनीच्या मालकीच्या, पण पडून असतात व्हेंडरच्या आवारात. मॉडेल चालू असतं तेव्हा त्या रोज प्रेसवर चढतात. बंद झालं की ग्रीस लावून, ताडपत्री टाकून कोपऱ्यात. मग वर्षातून कधीतरी सुट्या भागांसाठी थोड्या पिसांची मागणी येते. तेवढ्यासाठी क्रेननं डाय काढायची, साफ करायची, प्रेसवर चढवायची, सेटअप करायचा, पहिला पीस मोजायचा, त्यात अर्धी-पाऊण पाळी जाते. पत्र्याची कॉइल मात्र ठरावीक वजनाखाली मिळत नाही. व्हेंडर म्हणतो, मागणी साठू दे, मग एकदम काढू. म्हणून तुमचा फेंडर ‘येईल, ऑर्डर टाकली आहे’ असा महिनोनमहिने लटकतो, आणि आला की किंमत वाढलेली असते. यात कोणी मुद्दाम छळत नसतं. कामाची रीतच तशी आहे.

याउलट इंजिनाचं. मल्टिजेट १.३ हे इंजिन फियाटनं इथे जितकं स्वतःच्या गाड्यांत बसवलं, त्याच्या कितीतरी पट दुसऱ्यांच्या गाड्यांत गेलं. मारुतीनं परवाना घेऊन ते स्वतः बनवलं आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सिआझ, ब्रेझा सगळ्यांत घातलं. टाटांच्या व्हिस्टा, मांझा, झेस्ट, बोल्टमध्ये तेच. चिंचवडच्या प्रीमियरनंही आपल्या रिओमध्ये तेच घेतलं, म्हणजे कुर्ल्याची नाळ अशी परत जुळली. लोक त्याला देशाचं डिझेल इंजिन म्हणायचे ते उगाच नाही. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर ते सगळीकडे थांबलं, पण रस्त्यावर ते इतक्या संख्येनं आहे की फिल्टर, गॅस्केट, इंजेक्टरचं काम, टायमिंग चेनचा सेट यांसाठी कोणी अडून बसत नाही. एक मात्र बघावं लागतं. ९० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टर्बो वेगळा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा, साध्या स्विफ्टचा त्याला बसत नाही. मारुतीच्या एसएक्स४ मध्ये, अर्टिगात, सिआझमध्ये आणि टाटांच्या मांझात हा वरचा प्रकार होता. तेव्हा मेकॅनिकला भाग सांगताना नीट सांगा.

म्हणजे या गाडीचं गणित असं आहे: बोनेटच्या आतलं जवळजवळ सगळं मिळतं, बाहेरच्या कातड्यासाठी आणि काचांसाठी फिरावं लागतं. मी ते अनुभवलंय. आंबेठाण चौकात एका टेम्पोनं मागून माझा टेललॅम्प फोडला. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपनं दिवा मागवून देतो म्हणून गाडी ठेवून घेतली, चार वेळा तारीख बदलली, आणि शेवटी दिवा नाही तर नाहीच, वर गाडी उभी केल्याचे पैसे मागितले. मी गाडी उचलून आणली. मग भोसरीतले आमचे मेकॅनिककाका म्हणाले, ‘ताई, ही गाडी त्रास देत नाही, पण माणसं जोडायला लावते.’ त्यांनी दोन फोन केले, मी पुंटोवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका दुकानातून उतरवलेला, पण अखंड दिवा मिळाला. जिथे एकेकाळी फियाट बनत होती त्याच कुर्ल्यातून. पुण्यात नाना पेठेतही चौकशी करत राहा. ब्रेक पॅड, बेअरिंग, बुश असलं सगळं तिथे मिळून जातं. जीपच्या काही वर्कशॉपमध्येही फियाटचं काम होतं, पण जाण्याआधी फोन करून विचारा.

खर्चाचं थोडक्यात. मला चाकणच्या गर्दीसकट लिटरला सोळा-सतरा मिळतात, हायवेला त्याहून जास्त. ऑइल चांगल्या प्रतीचं वापरा आणि कंपनीनं सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदला. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन जगते ती ऑइलवर. विम्याच्या वेळी काढलेली किंमत कमी येते, हे गृहीत धरा. त्याच वर्षाच्या डिझेल स्विफ्टपेक्षा पुंटो बरीच स्वस्त मिळते. तो फरक खर्च करून टाकू नका, सुट्या भागांसाठी बाजूला ठेवा. माझ्या घरी पलंगाखाली एक हेडलाइट, दोन आरसे आणि बंपरच्या क्लिपांचं पाकीट आहे. मिळाले तेव्हा घेऊन ठेवले. नवरा आधी नाराज होता, ‘बंद झालेल्या कंपनीची गाडी आणि वर तिचं सामानही सांभाळायचं’ म्हणायचा. आता तोच जुन्या बाजारातल्या जाहिराती मला पाठवतो.

दिल्लीकडून आलेल्या गाड्यांपासून सावध राहा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर घातलेल्या बंदीमुळे त्या इकडे स्वस्तात येत आल्या आहेत, जरी २०२५ मध्ये ती बंदी बरीच सैल झाली. एनओसी, इथली नोंदणी आणि कर यांचे कागद पूर्ण असल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पंधरा वर्षं झाली की आपल्याकडे फेरनोंदणी आणि हरित कर आहेच. म्हणजे २००९-१० ची ग्रांदे पुंटो आज घेण्यात अर्थ नाही, २०१५ च्या पुढचीच बघा. लिनियाचं पेट्रोल टी-जेट इंजिन ज्यांना हवंय त्यांना मी अडवणार नाही. ते फार सुंदर आहे, फक्त ते मल्टिजेटसारखं सगळीकडे गेलेलं नाही, तेव्हा भागांची वाट जास्त बघावी लागेल.

बघायला जाल तेव्हा पायाखालची मॅट उचलून फरशीच्या पत्र्यावर ओल आहे का ते बघा. डिकीतलं स्टेपनी काढून खालची वेल्डिंग बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर, सारख्या आकाराचे गोल असतात. तिथे हातानं मारलेली लांबट वेल्ड दिसली तर गाडी मागून ठोकलेली आहे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून रॅकखाली तेलाचा ओघळ शोधा. खराब रस्त्यावर काच खाली करून चालवा, पुढून टकटक आली तर लोअर आर्मच्या बुशांचं काम आहे, ते होऊन जातं, त्याचे पैसे भावात कापून घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या वर पूर्ण दाबून बघा, जोर येऊन मध्येच गेला तर टर्बोच्या पात्या काजळीनं अडकल्या असतील, आणि ते काम महागातलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी लवकर जा, न सांगता, इंजिन थंड असताना. पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंदांहून जास्त वेळ साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन सैल झाली आहे. तुम्ही पोचायच्या आधीच मालकानं गाडी चालू करून गरम करून ठेवली असेल, तर चहा घ्या, आभार माना, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.